खंड सरकवणारा ‘बाहेरचा’ माणूस

नेपाळमध्ये भूकंप, जपान हादरला, इंडोनेशियात ज्वालामुखीचा उद्रेक... मोबाईलवर अशा बातम्या स्क्रोल करताना एक गोष्ट तुमच्या लक्षात आलीये का? नावं बहुतेक वेळा तीच तीच असतात. असं का, याच्या उत्तराचा धागा ज्यानं पहिल्यांदा नीट हातात धरला, तो मुळात भूगर्भशास्त्रज्ञ नव्हताच! त्याचं नाव आल्फ्रेड वेगेनर.

जन्म १ नोव्हेंबर १८८०, बर्लिन. पीएचडी केली खगोलशास्त्रात, पण मन रमलं हवामानशास्त्रात. आजच्या भाषेत सांगायचं तर पठ्ठ्यानं चक्क फिल्ड बदललं. १९०६मध्ये भाऊ कुर्टबरोबर बलूनमधून तब्बल ५२ तास हवेत राहून त्यानं विक्रम केला आणि त्याच वर्षी ग्रीनलंडच्या मोहिमेवर गेला. तिथलं बर्फ पुढे आयुष्यभर त्याला बोलवत राहिलं.

१९१०च्या अखेरीस मित्राचा नवा ॲटलास चाळताना तो थबकला. दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा एकमेकांत जिगसॉ पझलसारखे बसत होते. आता म्हणाल, हे तर शाळेतल्या पोरालाही दिसतं. बरोबर आहे, त्याच्या आधीही काहींना दिसलं होतं. पण वेगेनर पुरावे गोळा करायला बसला. दोन्ही किनाऱ्यांवर मेसोसॉरस या एकाच सरपटणाऱ्या प्राण्याचे जीवाश्म. ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीच्या खुणा दक्षिण अमेरिकेत, आफ्रिकेत आणि थेट आपल्या भारतातही. भारतासारख्या उष्ण देशात प्राचीन हिमनद्यांच्या खुणा. त्या काळचे तज्ज्ञ म्हणत, खंडांना जोडणारे जमिनीचे पूल होते आणि ते समुद्रात बुडाले. वेगेनर म्हणाला, पूल नव्हते, खंडच सरकले! जानेवारी १९१२मध्ये त्यानं फ्रँकफर्टला हा विचार मांडला. पुढे पहिल्या महायुद्धात सैनिक म्हणून दोनदा जखमी झाला आणि त्या सक्तीच्या रजेत पुस्तक लिहून काढलं. ते १९१५मध्ये आलं.

मग काय, तज्ज्ञ तुटून पडले. हवामानवाल्यानं आमच्या विषयात नाक का खुपसावं, हा सूर होताच. पण एक आक्षेप मात्र खरोखर दमदार होता. एवढे अवाढव्य खंड सरकवणारी ताकद कुठली? वेगेनरनं पृथ्वीच्या फिरण्यामुळे आणि भरती-ओहोटीमुळे निर्माण होणाऱ्या बलांकडे बोट दाखवलं, पण ती बलं त्यासाठी फारच तोकडी आहेत, हे गणितानं दाखवून दिलं. खंड सरकण्याचा वेगही त्यानं वाजवीपेक्षा खूप जास्त धरला होता. १९२६ला न्यूयॉर्कच्या परिषदेत त्याच्या कल्पनेची चिरफाड झाली. जर्मनीत हवी तशी प्राध्यापकी मिळेना. १९२४मध्ये ती मिळाली ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये. तो मात्र पुस्तकाच्या नव्या आवृत्त्या काढत राहिला आणि प्रत्येक वेळी पुरावे वाढवत गेला.

१९३०मध्ये तो पुन्हा ग्रीनलंडला गेला, यावेळी मोहिमेचा प्रमुख म्हणून. किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटर आत, बर्फाच्या मधोमध असलेल्या तळावर त्याचे दोन सहकारी होते. हिवाळा तोंडावर आला आणि त्यांच्याकडे पुरेसं सामान पोचलं नव्हतं. वेगेनर स्वतः निघाला. थंडी उणे ५० अंशांच्या खाली गेली, सोबतचे बहुतेक जण वाटेतून परतले. ३० ऑक्टोबरला तो पोचला, पण सामान जवळजवळ संपलेलं. तळावर पाच जणांचं भागणार नव्हतं. पाय गारठून निकामी झालेल्या सहकाऱ्याला तिथेच ठेवून, १ नोव्हेंबरला, म्हणजे स्वतःच्या पन्नासाव्या वाढदिवशी, रास्मुस विलुमसेन या तरुण ग्रीनलंडवासीयाबरोबर तो परत फिरला. दोघंही पोचले नाहीत. मे १९३१मध्ये वेगेनरचा मृतदेह सापडला, रास्मुसनं नीट पुरलेला, वर स्कीची खूण केलेला. रास्मुस कधीच सापडला नाही.

खंडांचं कोडं सुटायला आणखी तीस-एक वर्षं गेली. अटलांटिकच्या तळाशी लांबलचक पर्वतरांग सापडली. तिथे खालून लाव्हा वर येऊन नवा तळ तयार होतो आणि समुद्र रुंदावतो, हे साठच्या दशकात कळलं. भूकंपमापकांचं जगभर जाळं पसरलं, तेव्हा नकाशावर भूकंपांचे ठिपके अरुंद पट्ट्यांत उमटले. या पट्ट्या म्हणजेच भूपट्टांच्या कडा! एक पट्ट दुसऱ्याखाली घुसतो तिथे भूकंपही होतात आणि ज्वालामुखीही, म्हणून पॅसिफिकभोवती ‘रिंग ऑफ फायर’. भारताचा पट्ट वर्षाला काही सेंटीमीटर उत्तरेकडे रेटतोय, म्हणून हिमालय उभा राहिला आणि म्हणूनच २०१५ला नेपाळ हादरला. मग ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीचं काय? ते तर कडेपासून लांब आहे. पण त्याच रेट्याचा ताण पट्टाच्या आतही साठतो आणि जुन्या कमकुवत भेगांवाटे मोकळा होतो.

थोडक्यात, वेगेनरचं ‘का’ चुकलं, पण ‘काय’ बरोबर निघालं. तेव्हा पुढच्या वेळी भूकंपाची बातमी आली की फॉरवर्ड करण्याआधी जरा नकाशा उघडा आणि ते ठिकाण कुठल्या पट्टाच्या कडेवर आहे ते शोधा. वेगेनरची सुरुवातही नकाशापासूनच झाली होती.