बेटावरचा पश्चात्तापी



उपवासकाळात जुन्नर-आंबेगावच्या गावांत घरभेटीला गेलो, की कुणीतरी आम्हाला दाराशी अडवून हळूच विचारते : इतकी वर्षे चर्चची पायरी चढलो नाही, आता देव घरात घेईल का? त्यांच्यासाठी आज फेर्नांव लोपिशची हकिगत सांगतो.

हा पोर्तुगीज शिपाई. १५१० साली अल्बुकर्कने गोवा जिंकला आणि पुढच्या वर्षी तो मलाक्काच्या स्वारीवर गेला. मागे राहिलेल्यांपैकी काही जण आदिलशाही सरदार रसूलखानाला जाऊन मिळाले. (आपले जुन्नर तेव्हा निजामशाहीत होते.) लोपिश त्यांतलाच. त्याने ख्रिस्ताला सोडले आणि बाणस्तारीच्या किल्ल्यात आपल्याच माणसांविरुद्ध उभा राहिला.

१५१२ मध्ये अल्बुकर्कने किल्ला घेतला. फितुरांचा जीव घेणार नाही, असा शब्द त्याने रसूलखानाला दिला होता. जीव घेतला नाही; पण त्यांची नाके, कान, उजवे हात आणि डाव्या हाताचे अंगठे कापविले. कित्येक जण त्यातच मेले. हे करणारे बाप्तिस्मा झालेलेच होते, हे आम्हाला लपवावेसे वाटत नाही.

लोपिश जगला. अल्बुकर्क १५१५ साली वारला, त्यानंतर तो मायदेशी जाणाऱ्या जहाजावर चढला. वाटेत सेंट हेलेना बेटावर जहाज पाण्यासाठी थांबले, तेव्हा हा रानात लपून बसला. तीनशे वर्षांनी नेपोलियनला जिथे कैदेत ठेवले, तेच हे बेट. तेव्हा तिथे मनुष्यवस्ती नव्हती. खलाशांनी थोडा शिधा आणि कपडे ठेवून जहाज हाकारले. पुढे येणारी जहाजेही त्याच्यासाठी काहीबाही ठेवून जात, पण तो तोंड दाखवीत नसे. समुद्रात पडलेला एक कोंबडा त्याने वाचवला. तोच त्याचा सोबती. कोंबडा म्हटले, की आम्हाला पेत्र आठवतो. रोज पहाटे ती बांग ऐकताना लोपिशला काय वाटत असेल?

त्या थोट्या हाताने त्याने जमीन खणली, फळझाडे लावली. अशी दहाएक वर्षे गेल्यावर त्याला लिस्बनला नेण्यात आले. राजाने त्याला भेट दिली. तिथून तो रोमला गेला आणि पोप सातवे क्लेमेंट यांच्यापुढे त्याने आपले पाप कबूल केले. पोपमहाशयांनी त्याला पापमुक्त केले.

क्षमा मिळाल्यावर त्याने एकच मागणे मागितले : मला माझ्या बेटावर परत जाऊ द्या. ते मान्य झाले. १५४५ च्या सुमारास, आपल्या झाडांमध्ये, तो तिथेच वारला.