मर्ढेकर आणि माझी रहस्यकथा

गेल्या वर्षी या वार्षिकासाठी मी एक रहस्यकथा दिली होती. जिनिंग-प्रेसिंगमधला मुनीम अफरातफर करतो, ती लपवण्यासाठी खून करतो आणि शेवटी फौजदारांच्या प्रश्नांपुढे कोसळतो, असे तिचे कथानक. कथा साभार परत आली. एकाच पानावर मुनिमाला तीनदा घाम फुटला होता आणि दोनदा पायाखालची जमीन सरकली होती! मराठीच्या सरांनी मला मर्ढेकर वाचायला सांगितले. रहस्यकथेचा आणि मर्ढेकरांचा काय संबंध, हे मला कळेना. थोडा रागही आला; पण पुस्तके आणली.

बाळ सीताराम मर्ढेकर आपल्याच जिल्ह्यातले. 1 डिसेंबर 1909 रोजी फैजपूरला त्यांचा जन्म झाला. मूळ गाव साताऱ्याकडचे मर्ढे, पण शालेय शिक्षण झाले ते खानदेशात. पुढे पुण्याला फर्ग्युसनमध्ये शिकून ते 1929 मध्ये आय.सी.एस.साठी लंडनला गेले. त्या परीक्षेत यश आले नाही. परतल्यावर त्यांनी काही काळ इंग्रजीचे अध्यापन केले आणि 1938 मध्ये ते नभोवाणीच्या नोकरीत शिरले.

1939 चा ‘शिशिरागम’ हा त्यांचा पहिला संग्रह. त्यातले दुःख खरे आहे, पण ते व्यक्त होते आधीच्या कवींनी रुळवलेल्या निसर्गप्रतिमांतून. त्यानंतर महायुद्ध आले. 1942 च्या ‘रात्रीचा दिवस’ या कादंबरीत त्यांनी बाहेरच्या घटनांपेक्षा मनात सैरावैरा धावणाऱ्या विचारांना महत्त्व दिले. 1947 च्या ‘काही कविता’मध्ये तर पानगळीच्या जागी यंत्रे आली, पिंपात मरून पडलेले उंदीर आले. त्या उंदरांत घुसमटलेला माणूस दिसतो, आणि वाचणाऱ्याचाच श्वास कोंडतो. याच संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यातून ते निर्दोष सुटले.

समीक्षक मर्ढेकरांनी भावनानिष्ठ समतानतेचा विचार मांडला. मला उमगले ते असे: दोन वस्तू दिसायला सारख्या असण्याची गरज नाही, त्या मनात जागवतात ती भावना सारखी हवी. तेव्हा माझी चूक ध्यानात आली. घाम हे भीतीचे नुसते लक्षण. तो चोरालाही फुटतो आणि तोंडी परीक्षेला बसलेल्या मलाही! त्यात माझा मुनीम कुठेच नव्हता.

मी कथा पुन्हा लिहिली. आता फौजदार एकेक प्रश्न विचारतात आणि मुनिमाला आपण प्रेसमध्ये घातलेल्या कापसासारखे वाटू लागते. दर प्रश्नागणिक दाब वाढतो, हवा निघून जाते, आणि अखेरीस गाठीवर पट्टी आवळावी तसा त्याचा आवाज आवळला जातो. ज्या प्रेसवर त्याने आयुष्य काढले, त्याच प्रेसने त्याला बोलते केले. घाम मी एकदाही फुटू दिला नाही.

मर्ढेकरांनी रहस्यकथा लिहिल्या नाहीत. पण दडपणाखाली मोडणारा माणूस दाखवायचा तर उपमा त्याच्या जगण्यातूनच यायला हवी, हे मी त्यांच्याकडून शिकलो. 20 मार्च 1956 रोजी, वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी, दिल्लीत त्यांचे निधन झाले. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

कथा यंदा पुन्हा संपादकांकडे दिली आहे. ती परत आली, तरी या वेळी मला राग येणार नाही.