क्षमेचे दार : पंडिता रमाबाईंचे चरित्र

धर्म बदललेल्या माणसाशी समाज कसा वागतो आणि तो माणूस समाजाशी कसा वागतो, हे दोन्ही एकाच चरित्रात पाहावयाचे असेल तर पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचावे, असे आम्हांस वाटते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले, हा त्या काळी अपराधच होता. त्यापायीच त्यांनी रानात बिऱ्हाड थाटले. समाजाच्या रोषाशी रमाबाईंच्या घराण्याची ओळख अशी त्यांच्या जन्मापूर्वीचीच. पुढे दुष्काळात आईवडील व बहीण यांना त्या अंतरल्या. भावासह पायी हिंडत त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या परजातीय बंगाली वकिलांशी विवाह केला. परंतु १८८२ च्या आरंभी त्या विधवा झाल्या. तान्ह्या मनोरमेस घेऊन त्या पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडास गेल्या. लंडनमधील फुलहॅम येथे, समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनी मायेने सांभाळीत असलेल्या त्यांनी पाहिल्या. या मायेचे मूळ कोठे, असे त्यांनी विचारले, तेव्हा ख्रिस्त व शोमरोनी स्त्री यांची कथा त्यांच्या कानी पडली. दोष ठाऊक असूनही न झिडकारणारी ही करुणा त्यांच्या अंतःकरणास भिडली. सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. मात्र नव्या धर्मातही त्यांनी बुद्धी गहाण टाकली नाही. मिशनमधील वडीलधाऱ्यांशी त्यांचे मतभेद झाले आणि त्या आपल्या विवेकाला जागल्या. इकडे महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. कालपर्यंत जिचा गौरव केला ती परकी ठरली.

तरीही त्या परत आल्या. अमेरिकेत जमविलेल्या साह्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळात होते. कोणावरही धर्माची सक्ती करावयाची नाही, असे ठरले होते. विधवांना खाण्यापिण्याचे आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. रमाबाई मात्र आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत, आणि काही मुली आपण होऊन तेथे जाऊन बसू लागल्या. केसरीने कठोर टीका केली. १८९३ मध्ये सल्लागार बाजूस झाले. पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांची भीती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. लेकी दुरावतील ही धास्ती मोठी असते. पण घाव रमाबाईंच्या काळजावर बसला, हेही तितकेच खरे. त्याच वर्षी सदनाची विद्यार्थिनी गोदूबाई यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. विरोधाच्या धुरळ्यात रमाबाईंचे काम असे दुसऱ्या दारी रुजले.

रमाबाईंनी सूड म्हणून दार लावून घेतले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० मध्ये गुजरातेतून शेकडो मुली तेथे आल्या. त्याच दुष्काळाला आपल्या या राजस्थानात आजही छप्पनिया म्हणतात. जयपुरात राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना त्या मुलींची अवस्था निराळी समजावून सांगावयास नको. ज्या समाजाने दूर लोटले, त्याच समाजाच्या लेकींना त्यांनी पोटाशी धरले. पतितांसाठी निवारा, अंधांना शिक्षण, स्त्रियांनी चालविलेला छापखाना असे तेथे सर्व काही उभे राहिले.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. तरीही मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलाचे काम त्यांनी तडीस नेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला.

क्षमा म्हणजे झालेला अपमान विसरणे नव्हे. तो लक्षात असतानाही अपमान करणाऱ्याच्या लेकराला घरात घेणे, ही खरी क्षमा. आपण मराठी माणसे परमुलुखात एकमेकांच्या आधारे राहतो. आपल्यातील कोणाचे दैवत वेगळे, कोणाची वाट वेगळी. त्याच्यासाठी आपल्या मंडळाचे दार उघडे राहावे, एवढे तरी या चरित्रातून घ्यावे, अशी आमची नम्र विनंती आहे.