भातखंडे आणि सुजाण श्रोता

शतकभरातील थोर गायकांची ध्वनिमुद्रणे आज खिशातल्या मोबाइलवर ऐकता येतात. तरीही शास्त्रीय संगीत हा आपला प्रांत नव्हे, असे मानून दूर राहणारा सुशिक्षित वर्ग लहान नाही. कलेतील सौंदर्य हे मोजक्या जाणकारांचे वतन आहे की अभ्यासाने कोणालाही मिळवता येणारी विद्या आहे, हा यामागचा मूळ प्रश्न होय. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी या प्रश्नाच्या उत्तरासाठी आपले आयुष्य वेचले.

त्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. १८८७ मध्ये कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वकिली पत्करली. सतार आणि गायन यांचा अभ्यास मात्र सोडला नाही. त्या काळी विद्या घराण्यांत आणि दरबारांत जपली जाई. जुने संस्कृत ग्रंथ एक सांगत, मैफलीत दुसरेच ऐकू येई, आणि एकाच रागाची रूपे गायकागणिक बदलत. पत्नी आणि कन्या यांच्या निधनानंतर भातखंडे यांनी वकिलीतून निवृत्त होऊन या गोंधळाचा छडा लावण्याचे व्रत घेतले.

१९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले. तेथील व्यंकटमखीच्या बहात्तर मेळांच्या व्यवस्थेचा त्यांनी अभ्यास केला आणि पुढे हिंदुस्थानी रागांची दहा थाटांत मांडणी केली. जयपूर, रामपूर येथील उस्तादांकडून त्यांनी चिजा मिळवल्या व स्वरलिपीत उतरवून ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत सर्वांसाठी खुल्या केल्या. ‘हिंदुस्थानी संगीतपद्धती’ हा ग्रंथ त्यांनी मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादरूपाने लिहिला. १९१६ मध्ये बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. १९१८ मध्ये ग्वाल्हेरचे आणि १९२६ मध्ये लखनौचे संगीत विद्यालय उभे राहिले. या साऱ्यांत पुढाकार त्यांचाच होता.

त्यांच्या विचाराचे मर्म असे की, शास्त्राने प्रचलित गायनाच्या मागून चालावे. नियम हा सौंदर्याचा मालक नसून त्याची खूण पटवणारा वाटाड्या आहे. भूप आणि देशकार यांचे पाच स्वर तेच. पण एकात गंधार प्रमुख, दुसऱ्यात धैवत. एवढे उमगले की त्याच स्वरांतून दोन निराळे भाव कसे उमटतात, हे कानाला जाणवू लागते. ज्ञानाने आनंद उणावत नाही, दुणावतो.

त्यांच्या कार्याला मर्यादा होत्याच. सारे राग दहा थाटांत नीट बसत नाहीत. मींड आणि आंदोलन कागदावर पुरते उतरत नाही. उस्तादांविषयी त्यांची लेखणी पुष्कळदा कठोर झाली. विद्यालयांतून थोर गवई निघत नाहीत, हा आक्षेपही जुनाच. परंतु गवयाइतकीच सुजाण श्रोत्याचीही कलेला गरज असते, हे आक्षेपक विसरतात.

१९ सप्टेंबर १९३६ रोजी भातखंडे निवर्तले. दरबार गेले, रसिकतेचा भार आता शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांच्यावर आहे. ध्वनिमुद्रणे विपुल झाली, पण एका रागाला तासभर निवांतपणे कान देण्याची सवय विकत मिळत नाही. ती अभ्यासानेच जडते. भातखंडे यांनी त्या अभ्यासाची दारे उघडली. आत पाऊल टाकणे ज्याचे त्याच्या हाती आहे.