‘मंगल’ फॉन्ट कुणी घडवला? सत्तेचाळिसाव्या वर्षी जाहिरातीतून आयआयटीत गेलेल्या र. कृ. जोशींची गोष्ट

हिंदी टायपिंगच्या सरकारी परीक्षेचं सूचनापत्रक कधी वाचलं असेल, तर ‘मंगल’ हा शब्द तुमच्या नजरेखालून गेलेला असणार. विंडोज २००० पासून पुढे कित्येक वर्षं कॉम्प्युटरवर देवनागरी दिसली ती बहुतेक याच फॉन्टमध्ये. हा फॉन्ट घडवला र. कृ. जोशी यांनी. कॅलिग्राफर, कवी आणि शिक्षक असलेला हा मराठी माणूस इंजिनिअर मात्र नव्हता.

बोरू ते स्क्रीन

रघुनाथ कृष्ण जोशी यांचा जन्म १९३६ चा. मुंबईत जे. जे. मध्ये उपयोजित कलेचं शिक्षण घेऊन ते जाहिरात क्षेत्रात गेले. ‘उल्का’ या एजन्सीत त्यांनी सुमारे दोन दशकं काढली. पंजाब नॅशनल बँक आणि वेलकमग्रुप हॉटेल्सची बोधचिन्हं त्यांच्या नावावर आहेत. साठच्या दशकातल्या लघुअनियतकालिकांच्या वर्तुळातही ते होते. त्यांच्या कवितेत अक्षरं कागदावर कशी बसतात, यालाही शब्दांइतकाच अर्थ असे.

जाहिरातीत बस्तान बसलेलं असताना, १९८३ मध्ये, ते मुंबई आयआयटीच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकवायला गेले. वय ४७. तेव्हा कॉम्प्युटर ग्राफिक्स हे गणितवाल्यांचं काम समजलं जाई. डोनाल्ड क्नुथ यांच्या ‘मेटाफॉन्ट’मध्ये अक्षर काढायचं तर त्याची समीकरणं लिहावी लागत. इंजिनिअरिंगला बेझिए कर्व्ह आम्हीही शिकलो, पेपरात काढले, पण त्यातून एखादा ‘ळ’ काढून बघावा असं वर्गात कुणालाच सुचलं नाही.

मुंबईच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेत तेव्हा ‘विन्यास’ नावाची सॉफ्टवेअर प्रणाली तयार होत होती, आणि जोशी त्या कामात होते. कोड न लिहिता, स्क्रीनवर बघत बघत, कॅलिग्राफीच्या अंगाने अक्षर घडवता यावं, हा तिच्यामागचा विचार. आज नोड जोडून ग्राफिक्स करणाऱ्या मुलांना यात नवल वाटणार नाही. पण तेव्हा माऊससुद्धा दुर्मीळ होता.

फॉन्ट म्हणजे नुसतं चित्र नव्हे

इंग्रजीत एक की दाबली की एक अक्षर उमटतं. देवनागरीत तसं नाही. ‘कि’ टाइप करताना ‘क’ आधी येतो आणि पहिली वेलांटी नंतर, पण ती दिसते मात्र ‘क’च्या अलीकडे. ‘सूर्य’मधला ‘र’ उडी मारून ‘य’च्या डोक्यावर बसतो. त्याहून गंमत ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ची. एकात समुद्र, दुसऱ्यात डोंगरातल्या खोल जागा. दोन्हीत ‘र’ अर्धाच, पण एकात रफार होतो आणि दुसऱ्यात ‘ऱ्य’.

म्हणजे प्रत्येक की दाबताच आधीचं चित्र बदलू शकतं. युनिकोड फक्त अक्षरांचा क्रम साठवतो. कुणाला कुणाशी जोडायचं आणि कोणता आकार दाखवायचा, हे फॉन्टमधले नियम आणि ते चालवणारं सॉफ्टवेअर मिळून ठरवतात. ‘मंगल’ घडवणं म्हणजे अक्षरं रेखाटणं आणि हे नियम बसवणं, दोन्ही.

कुणी कुणापुढे वाकायचं?

यंत्रासाठी लिपी छाटण्याचा आपल्याकडे जुना इतिहास आहे. ‘केसरी’च्या छपाईसाठी लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला होता. सावरकरांनी ‘अि’, ‘अी’ अशी बाराखडी सुचवली. टाइपरायटर आला आणि कितीतरी जोडाक्षरं मोडली. या सगळ्यांचा नाइलाज खरा होता, कारण शिसं आणि लोखंड वाकत नाही.

सॉफ्टवेअर वाकतं. जोशींचं मोठेपण मला इथे वाटतं: यंत्र बदललं की तडजोडीची गरजही संपते, हे त्यांनी ओळखलं आणि अक्षर जाणणारा माणूस यंत्राच्या खोलीत स्वतः जाऊन बसला. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झाली आणि तिच्या जिस्ट कार्डामुळे डॉसच्या पीसीवर भारतीय लिप्या दिसू लागल्या. पुढे एनसीएसटी याच सी-डॅकमध्ये विलीन झाली. आयआयटीतून निवृत्त झाल्यावर जोशी तिथेच काम करत राहिले. गुजरातीचा श्रुती, तेलुगूचा गौतमी, कन्नडचा तुंगा हे विंडोजमधले फॉन्टही त्यांच्या मार्गदर्शनाखाली झाले.

पण ‘मंगल’ दिसायला कसा?

खरं सांगायचं तर, साधाच. छपाईत तो कोरडा वाटतो आणि लग्नपत्रिकेसाठी कुणी त्याच्या वाटेला जात नाही. पण तो घडला जाड काचेच्या मॉनिटरसाठी. तिथे एका अक्षराच्या वाट्याला मोजके पिक्सेल येत, आणि तेवढ्यात शिरोरेषा, काना, रफार सगळं ओळखू यावं लागे. ‘विंडोज ८’पासून त्याची जागा ‘निर्मला’ने घेतली.

जोशींचं निधन फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेत झालं. पहिला अँड्रॉइड फोन बाजारात यायला तेव्हा काही महिने बाकी होते.

त्यांच्या नावाचा ‘रघु’ हा देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याखाली खुला करण्यात आला होता. असा कुठलाही मुक्त फॉन्ट ‘फॉन्टफोर्ज’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडता येतो. ‘क’ निवडा, त्याच्या कडेवरचा एखादा बिंदू माऊसने धरून ओढा आणि गाठ कशी बदलते ते बघा. मग जोडाक्षरांच्या नियमांची यादी उघडा. ती बरीच लांब असते.