खेळाडूचे मोल

विजयाचा चषक उंचावणारे हात सर्वांच्या ध्यानात राहतात. तो चषक जिंकणारा माणूस आठवड्याच्या पगारावर राबत होता, याचा मात्र विसर पडतो. जिमी स्पीअर्स या स्कॉटिश फुटबॉलपटूची कारकीर्द त्या दृष्टीने उद्बोधक आहे.

स्पीअर्सचा जन्म १८८६ साली ग्लासगो येथे झाला. रेंजर्स व क्लाइड या तेथीलच क्लबांतून खेळून त्याने नाव मिळवले. १९०८ मध्ये वेल्सविरुद्ध तो स्कॉटलंडकडून खेळला. राष्ट्रीय संघातील त्याचा तो एकमेव सामना. १९०९ मध्ये तो इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड सिटी या क्लबात दाखल झाला. उपजीविकेसाठी दक्षिणेची वाट धरणारे स्कॉटिश खेळाडू त्या काळी थोडे नव्हते. १९११ च्या एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात ब्रॅडफर्डच्या अकरांपैकी आठ जण स्कॉटिश होते आणि स्पीअर्स त्यांचा कर्णधार होता.

लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर न्यूकॅसल युनायटेडविरुद्धचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. चार दिवसांनी, २६ एप्रिल रोजी, मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर तो पुन्हा खेळला गेला. पंधराव्या मिनिटाला स्पीअर्सने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. तोच सामन्यातील एकमेव गोल ठरला. त्या वर्षी नव्याने घडवलेला चषक ब्रॅडफर्डच्याच कारागिरांच्या हातचा होता. तो प्रथम जिंकण्याचा मानही त्याच शहराला मिळाला.

या पराक्रमाचे मोल कसे ठरले? इंग्लंडमध्ये १९०१ पासून खेळाडूच्या वेतनावर आठवड्याला चार पौंडांची कमाल मर्यादा होती; पुढे ती थोडीशीच सैल झाली. १९१२ च्या अखेरीस स्पीअर्स लीड्स सिटीकडे गेला, तेव्हा ब्रॅडफर्ड क्लबाला त्याच्यापोटी चौदाशे पौंड मिळाले. आठवड्याला चार पौंड या हिशेबाने एवढी रक्कम मिळवण्यास खेळाडूला पावणेसात वर्षे लागली असती. कौशल्य त्याचे, विक्रीचा अधिकार मात्र क्लबाचा, अशी ती व्यवस्था होती.

हर्बर्ट चॅपमन यांच्या व्यवस्थापनाखाली लीड्स सिटी १९१३-१४ च्या हंगामात दुसऱ्या श्रेणीत चौथा आला; बढती दोन गुणांनी हुकली. तोवर महायुद्ध पेटले. माणसे आघाडीवर मरत असता पगार घेऊन फुटबॉल खेळणाऱ्यांवर टीकेची झोड उठली. १९१५ चा हंगाम संपताच स्पीअर्स कॅमेरॉन हायलंडर्स या पलटणीत भरती झाला. सक्तीची भरती तेव्हा सुरू झालेली नव्हती आणि घरी पत्नी व दोन मुले होती. १९१७ मध्ये शौर्याबद्दल त्याला मिलिटरी मेडल मिळाले, तो सार्जंट झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बेल्जममधील पासचेंडेलच्या रणधुमाळीत तो मारला गेला. त्याचे वय अवघे एकतीस होते.

पुढे १९१९ मध्ये, युद्धकाळात खेळाडूंना नियमबाह्य पैसे दिल्याच्या आरोपावरून लीड्स सिटीला लीगमधून काढून टाकण्यात आले. हिशेबाच्या वह्या दाखवण्यास क्लबाने नकार दिला होता. शिक्षेची झळ मात्र मैदानावरच्या माणसांना बसली: लीड्समधील एका हॉटेलात त्या क्लबाच्या खेळाडूंचा लिलाव पुकारला गेला. युद्धातून जिवंत परतता, तर स्पीअर्सवरही कदाचित तेथे बोली लागली असती.

ब्रॅडफर्डच्या इतिहासात त्याचा तो गोल अजरामर आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या व्यवस्थेत तो खेळला, तिचाही हिशेब ठेवला पाहिजे. वेतनावरची ती मर्यादा उठण्यास १९६१ साल उजाडावे लागले.