विश्लेषण : पंप दुरुस्त झाला, तरी ट्रक सुरू का होत नाही? रुडॉल्फ डिझेल यांना अखेरपर्यंत छळणारा प्रश्न

फ्युएल पंपाचे काम करून आणलेला ट्रक पहिल्या सेल्फला सुरू झाला नाही, तर दोष पंपवाल्याला दिला जातो. बहुतेक वेळा पंप ठीक असतो. दोष पाइपमध्ये अडकलेल्या हवेचा किंवा चुकलेल्या टायमिंगचा असतो. इंजिनमध्ये डिझेल योग्य क्षणी, योग्य मापाने आणि हवेशिवाय कसे पोहोचवायचे, हा प्रश्न या इंजिनाइतकाच जुना आहे. ज्यांच्या नावाने हे इंजिन ओळखले जाते, त्या रुडॉल्फ डिझेल यांनाही तो हवा तसा सोडवता आला नाही. त्यांच्या आयुष्यात आणि त्या अडचणीत नेमके काय घडले, याविषयी…

परक्या शहरांतले बालपण

रुडॉल्फ यांचा जन्म 18 मार्च 1858 रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील जर्मन. 1870 मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तिथे हातातोंडाची गाठ पडणे कठीण, म्हणून 12 वर्षांच्या रुडॉल्फला ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे धाडण्यात आले. पुढे म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत त्यांना कार्ल फॉन लिंडे हे शिक्षक लाभले. शीतकरण यंत्रांचे जनक मानले जाणारे लिंडे वर्गात सांगत, की वाफेचे इंजिन कोळशातली बहुतांश उष्णता वाया घालवते. हे वाक्य बाकी विद्यार्थ्यांनी वहीत उतरवले असेल. रुडॉल्फ यांनी ते आयुष्यभरासाठी डोक्यात घेतले. 1880 मध्ये पदवी घेऊन त्यांनी लिंडे यांच्याच बर्फ यंत्रांच्या धंद्यात पॅरिसमध्ये नोकरी धरली आणि फावल्या वेळात इंजिनाचे प्रयोग सुरू केले.

ठिणगीशिवाय आग

सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, हे प्रत्येकाने अनुभवले आहे. रुडॉल्फ यांची कल्पना याच तत्त्वावर उभी होती. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची, की ती स्वतःच तापेल आणि आत सोडलेले इंधन ठिणगीशिवाय पेटेल. फेब्रुवारी 1893 मध्ये त्यांना जर्मन पेटंट मिळाले. ऑग्सबर्गच्या यंत्र कारखान्याचे प्रमुख हाइनरिश बुत्स आणि क्रुप कंपनी यांनी पैसा लावला.

10 ऑगस्ट 1893 रोजी पहिल्या इंजिनात इंधन सोडताच स्फोट झाला आणि दाब मोजणारे उपकरण फुटले. इंजिन चालले नाही, पण दाबलेल्या हवेत इंधन पेटते, एवढे सिद्ध झाले. 17 फेब्रुवारी 1894 रोजी सुधारित इंजिन जेमतेम मिनिटभर स्वतःच्या बळावर फिरले. त्यानंतर आणखी तीन वर्षे गेली. फेब्रुवारी 1897 मध्ये प्राध्यापक मोरिट्स श्रोटर यांनी घेतलेल्या अधिकृत चाचणीत सुमारे 20 अश्वशक्तीच्या इंजिनाने इंधनातल्या उष्णतेपैकी 26 टक्क्यांहून अधिक उष्णता कामी लावली. त्या काळातली वाफेची चांगली इंजिनेही याच्या जवळपास नव्हती.

कॉम्प्रेसरची तडजोड

इथेच आजच्या ट्रकशी नाते जुळते. सिलिंडरमधला दाब आधीच प्रचंड. त्याच्या विरोधात आत इंधन घुसवायचे, तेही थेंबा-दोन थेंबांएवढे, बारीक फवाऱ्याच्या रूपात आणि पिस्टन वर पोहोचण्याच्या नेमक्या बेताला. रुडॉल्फ यांना इंधन थेट दाबाने सोडायचे होते. पण एवढ्या बारीक मापाचा, न गळणारा पंप बनवण्याइतकी यंत्रकामाची अचूकता तेव्हा नव्हती. मग त्यांनी आणखी जास्त दाबाची हवा वापरून इंधन आत फुंकण्याचा मार्ग घेतला.

तो चालला, पण त्यासाठी प्रत्येक इंजिनाला जाडजूड कॉम्प्रेसर जोडावा लागला. कारखान्यात आणि जहाजात तो खपून गेला. 1912 मध्ये डेन्मार्कचे ‘सेलांडिया’ हे जहाज डिझेल इंजिनांवर लांबच्या सागरी सफरीला निघालेही. ट्रकच्या बॉनेटखाली मात्र एवढा पसारा मावणार कसा? वाहनासाठी छोटे इंजिन करण्याचा प्रयत्न रुडॉल्फ यांनी केला, पण तो बाजारात उतरण्याइतका पुढे गेला नाही.

नाव मोठे, खाते रिकामे

1897 च्या यशानंतर पैसा धो-धो आला. अमेरिकेतील हक्कांसाठी बिअर उद्योजक अडॉल्फस बुश यांनी दहा लाख मार्क मोजले. पण विकलेली सुरुवातीची इंजिने गिऱ्हाइकांकडे नीट चालेनात, तक्रारी आणि परतफेडीचा तगादा सुरू झाला. 1898 मध्ये रुडॉल्फ यांची प्रकृती ढासळली आणि त्यांना उपचारांसाठी दाखल व्हावे लागले. म्युनिकमधला आलिशान बंगला आणि जमिनीच्या व्यवहारांतले नुकसान यांत संपत्ती झिरपत गेली.

टीकाकारांचा मुद्दा याहून जिव्हारी लागणारा होता. पेटंटमध्ये वर्णन केलेले इंजिन आणि प्रत्यक्षात धावणारे इंजिन एक नाही, असे ते म्हणत. तांत्रिकदृष्ट्या त्यात तथ्य होते. ज्वलनाच्या वेळी तापमान स्थिर ठेवण्याची मूळ कल्पना रुडॉल्फ यांना सोडावी लागली होती. पण कागदावरचे तत्त्व लोखंडात उतरवताना बदल होतातच. ते बदल चार वर्षे वर्कशॉपमध्ये राबून ज्याने केले, त्याचे श्रेय नाकारणे अन्यायाचेच होते.

29 सप्टेंबर 1913 च्या संध्याकाळी ते अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ बोटीत बसले. सहकाऱ्यांसोबत जेवण करून केबिनकडे गेले. सकाळी बिछाना न वापरलेला सापडला. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. त्यावरच्या वस्तू रुडॉल्फ यांच्या असल्याचे मुलाने ओळखले. देह मात्र समुद्रालाच परत दिला गेला होता. घातपाताच्या कथा आजही फिरतात. पुरावा कशाचाच नाही. बँक खाती जवळपास रिकामी होती, एवढे नक्की, आणि म्हणून बहुतेक अभ्यासकांचा कल आत्महत्येकडे आहे.

पंप आला, पण उशिरा

कॉम्प्रेसरशिवाय धावणारे डिझेल ट्रक जर्मनीत 1920 च्या दशकात आले. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने 1922 मध्ये इंजेक्शन पंपाचे काम हाती घेतले आणि 1927 मध्ये त्याचे नियमित उत्पादन सुरू केले. रुडॉल्फ यांना जाऊन तेव्हा 14 वर्षे झाली होती. याच कंपनीच्या भारतीय शाखेचे, ‘मायको’चे, नाव नाशिककर ‘मायको सर्कल’मुळे रोज घेतात. तिथल्या कारखान्यात इंजेक्टर आणि नोझल बनतात.

मग आपल्या ट्रकचे काय?

पंपाचा प्लंजर डिझेल दाबतो, कारण द्रव फारसा आकसत नाही. पाइपमध्ये हवेचा बुडबुडा असेल, तर प्लंजर त्यालाच दाबत बसतो. बुडबुडा स्प्रिंगसारखा आकसतो, पुन्हा फुलतो आणि नोझल उघडण्याइतका दाब तयारच होत नाही. यालाच मेकॅनिक ‘एअर धरली’ म्हणतात.

पहिली खूण धुराची. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर अजिबात येत नसेल, तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचत नाही. अशा वेळी हँड प्रायमर मारून आधी फिल्टरची, मग पंपाची एअर काढायची. जुन्या यांत्रिक पंपात त्यानंतर नोझलकडचे नट किंचित सैल करून सेल्फ मारतात. एअर पुन्हा पुन्हा येत असेल, तर टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप पाहावा. ही ओढणारी बाजू असल्याने तिथल्या फटीतून डिझेल बाहेर न गळताही हवा आत शिरते. पुन्हा वापरलेले तांब्याचे वॉशर हे नेहमीचे कारण. इंजिन बंद करणाऱ्या सोलेनॉइडची वायर जोडायची राहिली असेल, तरी डिझेल येत नाही.

पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते, पण पेटत नाही. इथे संशय टायमिंगवर. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोनदा फिरतो तेव्हा पंप एकदा फिरतो. त्यामुळे फ्लायव्हीलची खूण जुळूनही पंप अर्ध्या फेऱ्याने चुकीचा बसलेला असू शकतो. पहिला सिलिंडर खरोखर कॉम्प्रेशनवर आहे का, हे व्हॉल्व्ह पाहून ठरवावे लागते. नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचा क्रमही तपासावा.

सेल्फ सलग मारत राहू नये. काही सेकंद मारून मध्ये थांबावे, नाहीतर पंपाच्या खर्चात स्टार्टरचा खर्च वाढतो. कॉमन रेलच्या नव्या ट्रकमध्ये तर नोझलचे नट सैल करण्याची जुनी युक्ती वापरूच नये. तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो आणि डिझेलची बारीक धार कातडीत घुसते. त्या गाडीची एअर कमी दाबाच्या बाजूनेच काढतात आणि रेलमध्ये दाब तयार होतो की नाही, ते स्कॅनरवर पाहतात.